कमी वासाचे, कमी व्हीओसीचे रंग व्यावसायिक कामात: भिंतींना पूर्ण पसंती, दारांना अटी घालून

घराच्या आतल्या भिंती आणि छतासाठी कमी व्हीओसीचं, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेलं, अॅक्रिलिक इमल्शन आता बिनदिक्कत वापरावं, इतकं ते सुधारलं आहे. दारं-खिडक्यांना पाण्यावरचं एनॅमल चालतं, पण त्याला वाळायला वेळ द्यायची तयारी हवी. धुराचे, गळतीचे आणि लाकडातून उतरणारे तपकिरी डाग दाबायला मात्र या गटात अजून पूर्ण भरवशाचं काही नाही. एकाच डब्याने सगळं घर उरकेल, या अपेक्षेने हे रंग घेऊ नयेत.

हे रंग साइटवर वेगळे का वागतात, ते आधी समजून घेतलं पाहिजे. व्हीओसी म्हणजे सहज उडून हवेत मिसळणारी सेंद्रिय रसायनं. पाण्यावरच्या रंगातही ती असतात आणि मुख्यतः दोन कामांसाठी घातलेली असतात. पहिलं काम बाइंडर, म्हणजे रंगाला बांधून थर बनवणारा घटक, मऊ करण्याचं. इमल्शनमध्ये बाइंडरचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग थर व्हायला हवा. कण कडक असले तर तो होत नाही, म्हणून त्यांना तात्पुरतं मऊ करणारा एक द्रव घालतात. दुसरं काम ग्लायकॉल नावाच्या द्रवाचं. ते रंग चटकन सुकू देत नाही, कडा ओली ठेवतं आणि थंडीत डबा गोठण्यापासून वाचवतं. व्हीओसी कमी करायचं म्हणजे ही दोन्ही द्रव्यं काढायची आणि त्यांच्या जागी मुळातच मऊ असलेला बाइंडर वापरायचा. पुढे सांगितलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ याच बदलात आहे.

डब्यावरच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. आकडा ग्रॅम प्रति लिटरमध्ये असतो. युरोपीय संघाच्या २००४/४२ या निर्देशानुसार २०१० पासून आतल्या भिंतींच्या मॅट रंगाला ३० ग्रॅमची मर्यादा आहे, तर लाकूड आणि धातूवरच्या पाण्याच्या रंगांना १३०. म्हणजे मॅट इमल्शनवर नुसतं ‘कमी व्हीओसी’ लिहिलं असेल, तर तो रंग फक्त कायदा पाळत असण्याचीही शक्यता आहे. जर्मनीच्या ‘ब्लू एंजल’ या पर्यावरणपूरक मालावरच्या चिन्हाची अट त्याहून बरीच कडक आहे: आतल्या भिंतींच्या रंगात ७०० पीपीएम (दहा लाख भागांत ७०० भाग), म्हणजे लिटरमागे साधारण एक ग्रॅम. भिंतीचा रंग ५ ग्रॅमच्या आत असेल तरच त्याला या गटात धरावं, असं आमचं मत.

दोन डब्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याआधी ते कसे मोजले आहेत तेही बघावं. युरोपीय व्याख्येत २५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळणारी द्रव्यंच व्हीओसी धरतात. टेक्सानॉल नावाने ओळखलं जाणारं मऊ करणारं द्रव्य या रेषेच्या थोडं वर उकळतं. ते त्या मोजणीत येत नाही, पण हवेत हळूहळू उतरत राहतं. अमेरिकेत बऱ्याचदा आकडा रंगातलं पाणी वजा करून देतात. समजा, एका लिटर रंगात १० ग्रॅम व्हीओसी आहे आणि ५५ टक्के पाणी आहे. पूर्ण रंगावर आकडा १० येतो, पाणी वगळलं की त्याच रंगाचा २२ होतो. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे हवेत.

यापेक्षा उपयोगाची माहिती म्हणजे वाळलेल्या रंगातून हवेत प्रत्यक्ष काय उतरतं त्याची चाचणी. बंद कक्षात नमुना ठेवून काही दिवसांनी हवा मोजतात. फ्रान्सच्या ‘ए प्लस’ श्रेणीसाठी २८ दिवसांनी एकूण व्हीओसी घनमीटरमागे १००० मायक्रोग्रॅमच्या आत आणि फॉर्माल्डिहाइड १० च्या आत असावं लागतं. माहितीपत्रकात अशी चाचणी दिलेली असेल, तर तिला डब्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त वजन द्यावं.

शेडचा परिणामही धरावा लागतो. डब्यावरचा आकडा बहुतेक वेळा पांढऱ्या बेसचा, म्हणजे शेड मिसळण्याआधीच्या रंगाचा असतो. मशीनवर घालायचे जुन्या पद्धतीचे रंगद्रव ग्लायकॉलमध्ये बनवलेले असतात. रंगद्रवात लिटरमागे २०० ग्रॅम व्हीओसी असेल आणि गडद शेडसाठी लिटरभर बेसमध्ये ते १०० मिली पडलं, तर ‘शून्य’ बेसचा रंग १८ ग्रॅमवर जातो. गडद निळा, लाल, चॉकलेटी निवडताना रंगद्रवसुद्धा कमी व्हीओसीचे आहेत का, हे दुकानात विचारून घ्या. फिक्या शेडला याचा फारसा फरक पडत नाही.

मुख्य मुद्दा याच्याही पुढचा आहे. ४० चौरस मीटर भिंतीची खोली घ्या. लिटरला १० चौरस मीटर धरले तर दोन हातांना ८ लिटर रंग लागतो. ५ ग्रॅमच्या रंगातून एकूण ४० ग्रॅम व्हीओसी बाहेर पडतं. पण त्याच भिंतीला खाली थिनरवरच्या प्राइमरचा एक हात दिला, ४ लिटर, लिटरला ३५० ग्रॅमचा, तर त्यातून १४०० ग्रॅम जातं. वरच्या रंगाच्या पस्तीस पट! वर महागडा रंग लावून खाली हा प्राइमर ठेवणं म्हणजे घरमालकाचे पैसे वाया घालवणं आहे. कोटेशन देताना प्राइमर, पुट्टी, फटी भरायचं सीलंट, दारांचं एनॅमल आणि ब्रश धुवायचा द्रव हे सगळं एकत्र लिहावं. आम्ही संपूर्ण कामाचं मोजमाप धरतो, एका डब्याचं नाही.

वासावरून मात्र काही ठरवू नये. पाण्याच्या रंगाला अमोनियाचा हलका दर्प असतो, तो काही तासांत जातो आणि व्हीओसीच्या हिशेबात तो येतच नाही. उलट काही रंगांत वास झाकायला सुगंध घातलेला असतो. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जवसाच्या तेलाच्या रंगांत संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन विद्रावक म्हणून असू शकतं, आणि लिमोनीन हे व्हीओसीच. शिवाय तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं तेव्हा हेक्झनालसारखी अल्डिहाइडं तयार होतात. बंद कपाटात आतून असा रंग लावला तर तो खवट वास कित्येक आठवडे राहतो. कपाटाच्या आतल्या बाजूला आणि खणांना शुद्ध अॅक्रिलिकच लावावं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पृष्ठभागाची तयारी नेहमीसारखीच, फक्त चुका लपत नाहीत. विद्रावकाचा प्राइमर किंचित खडूसारख्या भिंतीतही मुरून तिला बांधतो. कमी व्हीओसीचा पाण्याचा प्राइमर तितका आत जात नाही. भिंतीवर तळवा फिरवला आणि पांढरी पूड लागली, तर आधी ती घासून, ओल्या फडक्याने पुसून काढा आणि मग बारीक कणांचा, आत मुरणारा अॅक्रिलिक सीलर द्या. पूड तशीच ठेवून वर रंग मारला तर महिन्या-दोन महिन्यांत मास्किंग टेपबरोबर पापुद्रे निघतात, आणि दोष रंगाला दिला जातो. नवा गिलावा किमान चार आठवडे वाळलेला हवा. ओल असलेल्या भिंतीला हा रंग काय, कोणताच रंग चालत नाही.

पाणी किती घालायचं, यावर या रंगांचं निम्मं यश ठरतं. माहितीपत्रकात जितकं दिलं असेल तितकंच, मापाच्या भांड्याने मोजून घाला. आत वापरायच्या बऱ्याच रंगांना ५ ते १० टक्के पुरतं. रंग रोलरवर जड लागतो म्हणून हातासरशी तांब्याभर पाणी ओतण्याची सवय इथे महागात पडते. हिशेब असा: लिटरला १० चौरस मीटर या दराने ओला थर १०० मायक्रॉनचा बसतो. रंगात घन पदार्थ घनफळाने ३८ टक्के असतील तर वाळून ३८ मायक्रॉन उरतात. त्यात ३० टक्के पाणी वाढवलं की तेवढ्याच ओल्या थरातून २९ मायक्रॉनच उरतात. झाकण कमी, धुण्याची ताकद कमी, आणि शेवटी तिसरा हात द्यावाच लागतो. रंग जड वाटत असेल तर डबा तळापासून नीट ढवळा आणि रोलरची लव तपासा. साधारण गुळगुळीत भिंतीला ९ ते १२ मिलिमीटरची मायक्रोफायबर लव योग्य.

ओली कडा ही सर्वांत मोठी अडचण. ग्लायकॉल नसल्यामुळे गरम, कोरड्या हवेत कडा काही मिनिटांतच ओढायला लागते. त्यावर रोलर परत फिरवला की अर्धवट सुकलेला थर उचलला जातो आणि उन्हाच्या तिरप्या प्रकाशात पट्टे दिसतात. उपाय कामाच्या पद्धतीत आहे. मोठ्या भिंतीवर दोघे हवेत: एक जण ब्रशने कोपरे आणि कडा मारत पुढे जातो, दुसरा लगेच मागून रोलर ओढत येतो. सगळ्या खोलीच्या कडा आधी मारून ठेवून मग रोलर घेतला, तर छताखाली चौकटीसारखा वेगळा पट्टा हमखास दिसतो. रोलर पूर्ण भरून छतापासून खालपर्यंत न्यायचा, शेवटची ओढ एकाच दिशेने आणि हलक्या हाताने, आणि एकदा सोडलेल्या भागावर परत जायचं नाही. काम चालू असताना पंखा बंद ठेवा. भिंतीवर थेट ऊन येत असेल तर ती भिंत ऊन सरल्यावर घ्या. सुकणं लांबवणारं मिश्रण मिळतं, पण ते स्वतः ग्लायकॉलचं असेल तर सगळा उद्देशच बाद होतो. त्याचं माहितीपत्रक वाचूनच घाला.

टचअपलाही हीच अडचण येते. मॅट रंगात छोटा डाग बहुधा मिसळून जातो, पण सॅटिन किंवा चमकदार रंगात तो ठिपक्यासारखा उठून दिसतो. तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत पुन्हा मारणंच बरं. पहिल्या वेळी वापरलेल्या त्याच बॅचचा लिटरभर रंग म्हणूनच बाजूला ठेवावा.

तापमान १० अंशांच्या खाली असेल तर थांबा. हवेच्या तापमानाइतकंच भिंतीचं तापमान महत्त्वाचं, आणि बाहेरच्या बाजूची भिंत खोलीपेक्षा थंड असते. कण एकमेकांत विरघळण्याआधीच पाणी उडालं तर वाळक्या तळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, विशेषतः कोपऱ्यांत, जिथे रंग जाड बसतो. अशा भेगा दुसऱ्या हाताने भरत नाहीत. घासून, पुट्टी लावून पुन्हा सुरुवात करावी लागते. डबे साठवतानाही थंडीपासून जपा. एकदा गोठून दाणेदार झालेला रंग ढवळून पूर्ववत होत नाही.

खिडक्यांबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. वास येत नाही म्हणून लोक खोली बंद करून टाकतात. त्या ८ लिटर रंगात ४ लिटरहून जास्त पाणी असतं, आणि ते सगळं खोलीच्या हवेत जातं. हवा हलली नाही तर दमटपणा वाढतो आणि थर नीट घट्ट होत नाही. बाथरूममध्ये तर भिंतीवरून चिकट, तपकिरी-पिवळसर ओघळ उतरतात. हे ओघळ म्हणजे रंगातले पाण्यात विरघळणारे साबणासारखे घटक. कोमट पाण्याने पुसले की जातात, दोन-तीन वेळा पुसावे लागतात; त्यावर लगेच नवा रंग मारू नका. रंग मारून झाला की समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा आणि पुढचे दोन-तीन दिवस रोज काही तास मोकळी हवा खेळू द्या. लहान मूल, दम्याचा रुग्ण किंवा गरोदर स्त्री घरात असेल तर हा नियम अधिक काटेकोर पाळा.

स्प्रेने मारायचं असेल तर एअरलेस मशीनला ०.०१७ इंचाचं टिप आणि ६० मेशची जाळी बहुतेक आतल्या इमल्शनला चालते. दाब गरजेपुरताच ठेवा. जास्त दाबाने फेस होतो आणि सुकल्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे: शून्य व्हीओसीचा रंग स्प्रे करताना मास्क लागत नाही, हे साफ चूक आहे. हवेतले रंगाचे थेंब फुप्फुसात जातात, त्यात व्हीओसी असो वा नसो. एफएफपी २ दर्जाचा किंवा त्याहून वरचा, चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क घातलाच पाहिजे. पुट्टी घासताना उडणाऱ्या धुळीचा धोका तर रंगाच्या वाफेपेक्षा मोठा आहे. घासकामाला धूळ ओढणारं मशीन जोडा, आणि जुन्या थरात शिसं असण्याची शक्यता असेल तर तपासणी होईपर्यंत कोरडं घासूच नका.

दारं-खिडक्यांवर पाण्याचं एनॅमल कमी वेळात छान दिसतं, पिवळं पडत नाही आणि ब्रश पाण्यात धुता येतो. पण मऊ बाइंडरची किंमत इथे मोजावी लागते. दार वाळलेलं वाटतं, संध्याकाळी बंद केलं जातं, आणि सकाळी चौकटीला चिकटून रंगासकट उघडतं. हाताला वाळणं एक-दोन तासांत होतं, पूर्ण कडक व्हायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. पहिले काही दिवस दार पूर्ण मिटू देऊ नका, किंवा चौकटीच्या कडेवर मेणाचा पातळ हात फिरवा. रबरी सील असलेल्या खिडकीत सीलमधला मऊ करणारा पदार्थ रंगात उतरतो आणि चिकटपणा वाढवतो. तिथे रंग सीलखाली जाऊ देऊ नये.

जुन्या ऑइल पेंटवर थेट मारू नका. आधी तेलकटपणा काढणाऱ्या सौम्य अल्कलीने धुवा, स्वच्छ पाण्याने पुसा, १८० नंबरच्या पेपरने चमक मरेपर्यंत घासा आणि पकड देणारा पाण्याचा प्राइमर लावा. एका कोपऱ्यात लावून, आठवडाभर थांबून, ब्लेडने जाळीसारख्या रेघा ओढून टेप चिकटवून खेचा. चौकोन उचलले गेले तर तयारी कमी पडली आहे. ब्रश नायलॉन-पॉलिएस्टरचा हवा. जनावराच्या केसांचा ब्रश पाण्याने फुगतो आणि टोक फाकतं.

डागांसाठी आमचा सल्ला तडजोडीचा आहे. निकोटीन किंवा गळतीचा डाग पाण्याच्या प्राइमरमधलं पाणीच विरघळवतं आणि वर आणतं. दोन हात देऊनही पिवळा डाग परत दिसला तर तेवढ्याच जागेवर लाखेचा, अल्कोहोलवरचा प्राइमर लावा. त्यात व्हीओसी भरपूर असतं, पण ते झपाट्याने उडून जातं आणि लागणारं प्रमाण मिलिलिटरमध्ये असतं. खिडक्या उघड्या, ज्योत किंवा ठिणगी जवळपास नको, आणि घरातली माणसं तेवढा वेळ बाहेर.

ज्यांच्या घरी कुणाला त्वचेची अॅलर्जी आहे त्यांनी व्हीओसीच्या आकड्यावर थांबू नये. पाण्याचा रंग सडू नये म्हणून त्यात आयसोथायाझोलिनोन गटातली संरक्षक द्रव्यं घालतात. ज्यांना त्यांची आधीच संवेदनशीलता आहे, त्यांना रंगवलेल्या खोलीत शिरल्यावरही त्रास होऊ शकतो. युरोपात २०२० पासून यातल्या एमआयटी (मिथाइल-आयसोथायाझोलिनोन) या द्रव्याचं प्रमाण १५ पीपीएम किंवा त्याहून जास्त असेल तर त्वचेच्या अॅलर्जीचा इशारा छापावा लागतो. अशा घरासाठी सिलिकेट रंग, म्हणजे वॉटरग्लास या खनिज बाइंडरवरचा रंग, उत्तम. त्याचा पीएच ११ च्या आसपास असल्याने त्यात जंतू वाढत नाहीत आणि संरक्षकाची गरज उरत नाही. जर्मन मानकानुसार डिस्पर्शन सिलिकेट रंगात (थोडं इमल्शन मिसळलेला सिलिकेट रंग) सेंद्रिय घटक जास्तीत जास्त ५ टक्के असतात. मर्यादा इतकीच, की तो चुना, सिमेंट, दगड अशा खनिज पृष्ठभागालाच धरतो. जुन्या इमल्शनवर त्याचा खास प्राइमर हवा. काचेवर पडलेला थेंब काच कायमची खरवडतो, म्हणून खिडक्या पूर्ण झाका आणि डोळ्यांना चष्मा लावा.

धुण्यायोग्यतेबद्दल जुनी तक्रार आता फारशी खरी नाही. आयएसओ ११९९८ या ओल्या घासणीच्या चाचणीत २०० फेऱ्यांनंतर ५ मायक्रॉनपेक्षा कमी झीज झाली तर पहिला वर्ग, ५ ते २० च्या दरम्यान दुसरा. कमी व्हीओसीचे पहिल्या वर्गातले रंग मिळतात. जिना, मुलांची खोली आणि स्वयंपाकघरासाठी तेच घ्या, छताला तिसरा वर्गही पुरतो. मात्र घरमालकाला लेखी सांगून ठेवा की पहिले चार आठवडे भिंत धुवायची नाही. या काळात ओल्या फडक्याने घासलेली जागा चकाकते आणि तो डाग जात नाही.

उरलेला रंग लहान डब्यात काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे वर हवा कमी राहते. ट्रेमधला किंवा पाणी घातलेला रंग मूळ डब्यात परत ओतू नका. संरक्षक द्रव्य कमी असलेल्या रंगात नळाच्या पाण्यातले जंतू लवकर वाढतात, आणि कुजक्या अंड्यासारखा वास आलेला रंग भिंतीवर लावला तर खोलीत तो वास रेंगाळतो. असा डबा सरळ बाद करा. ब्रश आणि रोलर धुण्याआधी जास्तीत जास्त रंग पत्र्याने डब्यात निथळून काढा. धुण्याचं पाणी मातीत, गटारात किंवा पावसाच्या नाल्यात सोडायचं नाही. बादलीत एक दिवस स्थिर ठेवा, खाली बसलेला गाळ वाळवून घन कचऱ्यात द्या, वरचं निवळलेलं पाणी पुढच्या धुण्याला वापरा.